पेल्यात कुणीच मरत नव्हतं

इस्पितळाच्या फाटकासमोर लांबलचक रांग होती, पण ती इस्पितळात जायला नव्हती. समोरच्या भिंतीच्या सावलीत पेलेवाले बाबा बसले होते. कामाच्या शोधात मालगाडीच्या टपावर बसून निघालेली माणसं, परवा वळणावर गाडी घसरली तेव्हा डब्यांखाली सापडली. त्यांचे नातेवाईक आता बाबांपुढे बोट धरत होते. बाबा बोटाला राख फासत आणि पेल्यात बुडवायला लावत. पाणी गुलाबी व्हायचं, आणि बाबा सांगत:

"त्याचं रक्त वाहतंय. जिवंत आहे. लांब पोचलाय, निरोप तेवढा यायचाय."

शवागाराची परिचारिका दोन दिवस हे बघत होती. आत सव्वीस प्रेतं होती आणि ओळखायला कुणी फिरकत नव्हतं. जित्याला मेलेल्यांत शोधणं अशुभ, असं बाबांनी बजावलं होतं. उद्या सगळी बेवारस म्हणून पुरायची होती.

शेवटी नऊ नंबरच्या प्रेताचा सदरा घेऊन ती रांगेत उभी राहिली. "माझा भाऊ," म्हणाली. पाणी गुलाबी झालं.

"खुशाल आहे, ताई."

"याचं प्रेत काल मी स्वतःच्या हातांनी धुतलंय, बाबा."

तिने ओल्या फडक्याने बोट खसखसून पुसलं आणि दुसऱ्या पेल्यात बुडवलं. पाणी जसंच्या तसं. मग इस्पितळाच्या धोबीखान्यातला धुण्याचा सोडा चिमूटभर टाकला. गुलाबी.

"राख म्हणजे हा सोडा. पाण्यात जुलाबाच्या जुन्या गोळीतलं औषध आहे. दोन्ही भेटले की रंग येतो. बोट माझं असो की म्हशीची शेपटी."

"संशयाने पाणी नासतं," म्हणत बाबांनी पेले गोळा केले.

रांगेतली एक म्हातारी परिचारिकेच्या हातातल्या सदऱ्याच्या कोपरावरचं ठिगळ चाचपत होती. तिचा हात थांबला.

"आजी, तुमच्या हातचं आहे का?"

"अशी ठिगळं ढिगाने असतात."

"एकदा आत येऊन बघा. मी बरोबर असेन."

"तू शहाणी आहेस, बाई. पण तुझ्याकडे बर्फाची खोली आहे. त्यांच्याकडे माझा लेक जिवंत आहे."

म्हातारी बाबांच्या मागे निघून गेली. रांगही गेली. संध्याकाळपर्यंत एकच मामा आत आला आणि त्याने तुटक्या दातावरून भाचा ओळखला. बाकीची पंचवीस प्रेतं दुसऱ्या दिवशी नंबरानेच पुरली.

पाण्याचा रंग बदलला, तर त्यात काय घातलं ते विचारा. गाडी घसरली, तर रूळ कुणी तपासले नव्हते ते विचारा. पहिला प्रश्न ज्याने गिळला, तो दुसऱ्यापर्यंत पोचतच नाही. त्या वळणावरून मालगाड्या पुन्हा धावू लागल्या आहेत, आणि टपांवर माणसं आहेत.