कुंकू लावलेल्या ढेपा

मी काहील बोलतेय. गुऱ्हाळातली, उसाचा रस आटवायची. पाच हात रुंद, गुडघाभर खोल आणि अंगानं काळी कुळकुळीत. मला पहिल्यांदा पाहणारा माणूस "आयला, केवढी ही!" म्हणतो आणि मला ते ऐकायला आवडतं. उगाच नाही कशाला म्हणू? खोटं माझ्या पोटात राहत नाही. आता सांगते ती गोष्टही त्याचीच आहे.

माझा जन्म सांगलीचा. जाड पत्र्याचे तुकडे रिबिटा ठोकून जोडले आणि मला चार दांडग्या कड्या लावल्या. माझी पहिली रिबिट ठोकली तेव्हा मी एवढी कोकलले की शेजारचा हळदीचा व्यापारी दुकान सोडून बघायला आला. रहिमतपूरजवळच्या एका गावचे बागायतदार लालासाहेब यांनी मला विकत घेतलं. बैलगाडीत मी मावेना, तर मला पालथी घातली आणि वर गाडीवान बसला. चार दिवस त्याची गाणी ऐकत आले. बेसूर होती, पण मनापासून होती.

लालासाहेबांचा ऊस ओढ्याकाठी होता. तिथंच जमिनीत मोठी चूल, म्हणजे चुलवाण, खणून मला बसवलं. त्यांची बहीण बनुबाई हिनं मला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि खोबऱ्याचा तुकडा आधी स्वतःच्या तोंडात टाकला. बनुबाईंचा कारभार असाच होता, हात आधी चालायचा आणि विचार मागनं यायचा.

रस आटवून त्याचा गूळ करतो तो गुळव्या. आमचा गुळव्या होता जोतीराम, वीस-बावीस वर्षांचा, जमीन तसूभर नाही, पण हाताला काय गुण होता! बोट गार पाण्यात बुडवायचा, तसंच उकळत्या पाकात घालायचा, पुन्हा पाण्यात, आणि बोटांत गोळी वळून म्हणायचा, "उतरवा!" आठ गडी दांडे घालून मला उचलायचे. त्याचा अंदाज एकदाही चुकला नाही. बोटांवर मात्र चटक्यांचे डाग कायमचे असायचे.

लालासाहेबांची मुलगी शालू बापाची भाकरी घेऊन यायची. गूळ ओतून झाला की माझ्या तळाशी जी खरवड राहते तिची सर कशालाच नाही. जोतीराम ती उसाच्या पानावर काढून शालूसाठी ठेवायचा. दोघं बोलायची नाहीत. ती खरवड खायची, हा माझं बूड घासायचा. एवढं घासण्यासारखं माझ्या बुडात काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगते.

एका हंगामाच्या शेवटी जोतीरामानं धीर करून विषय काढला. लालासाहेब हसले. "जोत्या, लेका, पोरगी द्यायची तर फटफटीवाल्याला द्यायची. गुळव्याला कोण देतं रं?"

दुसऱ्या दिवशी जोतीराम पुण्याला गेला. लढाई चालू होती. लष्कराला धान्य पुरवणाऱ्या एका कंत्राटदाराकडं तो चार वर्षं राहिला. पंचेचाळीस सालच्या दिवाळीत परत आला तो फटफटीवरच! डोक्याला रेशमी फेटा, मनगटाला घड्याळ. त्याच आठवड्यात त्यानं लालासाहेबांकडून गुऱ्हाळ मक्त्यानं घेतलं आणि मला रोख विकत घेतलं. लालासाहेब म्हणाले, "बसा की जोतीरामराव!" जोत्याचा जोतीरामराव व्हायला एक फटफटी पुरते, हे मला त्या दिवशी कळलं.

मग सुरू झाली मजा. तसा गुऱ्हाळाचा रिवाजच आहे, आल्यागेल्याला रस पाजायचा, गूळ खायला घालायचा. पण जोतीरामानं कमाल केली. रविवारी बकरं पडायचं, सनईवाले यायचे, कोरेगावपासून लोक जेवायला यायचे. निम्म्यांना जोतीराम कोण हेही ठाऊक नसायचं. कुणी म्हणे, लढाईत सोन्याचा हंडा सापडला. कुणी म्हणे, साहेबानं दत्तक घेतला. जोतीराम मात्र जेवायचा नाही. ओढ्यापलीकडं लालासाहेबांची माडी होती, तिकडं तोंड करून बसायचा.

हा पैसा कुठून येत होता? मला ठाऊक होतं, कारण ते सगळं माझ्याच पोटात शिजत होतं. साखर रेशनवर होती आणि गुळाला काळ्या बाजारात सोन्याचा भाव. जोतीराम घट्ट होत आलेल्या पाकात पांढरी शाडू माती कालवायचा. ढेपेला वरून चांगल्या गुळाचा थर, पिवळाधमक. अशा ढेपा सांगलीच्या एका दलालाकडं जायच्या. त्याच्या ओळखीसाठी त्यांवर कुंकवाचं एकेक बोट लावलेलं असायचं. गावासाठीचा गूळ मात्र चोख आणि बिनकुंकवाचा. पुण्यात चार वर्षं तो हेच शिकला होता. मला राग यायचा, कढ यायचे. पण काहिलीला कढ आले तर त्याचं कुणाला नवल?

चैत्रात शालूचा साखरपुडा जोतीरामाशी ठरला. साखर कुठली मिळायला! साखरेच्या जागी गूळ वाटायचं ठरलं. मांडव गुऱ्हाळावरच घातला. ऊस संपल्यामुळं मी मोकळीच होते. मला लखलखीत घासली, पाण्यानं भरली. सुंठ-वेलदोडा घालून गुळाचं सरबत करायचं होतं. चार गावांचे पाहुणे जमले होते.

गूळ आणायला बनुबाई कोठीत गेल्या. दलालाकडं जायच्या राहिलेल्या ढेपा तिथंच होत्या. बाहेर आल्या त्या हसतच. "बघा की गं! जावयानं शुभकार्याच्या ढेपा कुंकू लावून बाजूला ठेवल्यात. लय समज हाय पोराला!"

मी ओरडणार कशी? तीन ढेपा फोडून त्यांनी माझ्यात टाकल्या आणि वल्ह्यानं ढवळल्या. जोतीराम वेशीवर पाहुण्यांना घ्यायला गेला होता.

पहिले पेले झकास गेले. मग एक म्हातारा म्हणाला, "दातात काय तरी कचकचतंय." दुसरा थुंकला. इकडं माझ्या तळाशी माती बसत चालली होती. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, आपण डेऱ्यासारखं तोंडानं लहान असतो तर बरं झालं असतं.

शालू उठली. हिरव्या लुगड्यात, हातभर बांगड्या. माझ्याजवळ आली, कोपरापर्यंत हात घातला, तळ चाचपला आणि मूठ भरून बाहेर काढली. पांढरी माती तिच्या बोटांतून गळत होती.

जोतीराम तेवढ्यात मांडवात आला होता. तिनं विचारलं, "हे काय हाय?"

लालासाहेबच पुढं धावले. "कुण्या गड्यानं फसवलं असंल. व्हय ना, जोतीरामराव? झाका ते, पाव्हणं बघत्यात."

एक "व्हय" म्हटलं असतं तरी लग्न झालं असतं. सगळ्यांना तेच हवं होतं. जोतीरामानं शालूच्या मुठीकडं पाहिलं आणि म्हणाला, "कुणी फसवलं न्हाई. सांगलीच्या दलालाकडं जायच्या ढेपा हाईत या, माती मीच घातलीया."

शालूच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज हलला नाही. "तुमी गुळव्या व्हता तवा तुमच्या हाताला चटकं असायचं. माती नसायची. मला तो माणूस पायजे व्हता, फटफटी न्हवं."

"आता काय करू?"

"सांगलीत हाईत तेवढ्या ढेपा माघारी आणा. समद्या. हितंच पाण्यात घाला. मी पुढच्या हंगामापातूर वाट बघीन, त्याफुडं न्हाई."

"जोत्या, नीघ माझ्या बांधावरनं!" लालासाहेब ओरडले. पुन्हा जोत्या. पण गुऱ्हाळाचा मक्ता अजून जोतीरामाच्याच नावावर होता.

फटफटी गेली, घड्याळ गेलं, फेटाही गेला. दलालाकडच्या उरलेल्या ढेपा जोतीरामानं दुप्पट भावानं सोडवून आणल्या. लोकांनी खाल्लेल्या होत्या त्या कशा परत येणार? ते त्याला आजही सलतं. बकरं हादडणाऱ्यांपैकी हात लावायला एकजणही आला नाही. आल्या त्या फक्त बनुबाई. "माझ्याच हातानं झालंय, मग माझा हात नको व्हय?" म्हणत त्या सहा दिवस ढेपा फोडत होत्या. गोड पाणी बैलांच्या वैरणीवर गेलं. बैल खूश. खाली उरला मातीचा हा ढीग!

माती वाया घालवणं बनुबाईंच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी ती घरोघर वाटली. त्या वर्षी नागपंचमीला आमच्या गावातले सगळे नागोबा जोतीरामाच्या शाडूचे होते. पूजा होईपर्यंत प्रत्येक नागोबाला मुंग्या लागल्या! बाया पदरानं मुंग्या झटकत होत्या आणि हसत होत्या. जोतीरामाला आधी मेल्याहून मेल्यासारखं झालं, मग तोही हसला. गावानं त्याला माफ केलं ते त्या दिवशी, असं मला वाटतं.

मार्गशीर्षात मी पुन्हा चुलवाणावर चढले. त्यानं बोट पाण्यात बुडवलं, पाकात घातलं, गोळी वळली. हाताला नवा चटका बसला. गूळ ओतून झाला, गडी भाकरीला गेले आणि बघते तर शालू उभी, मागं तोंड पाडून लालासाहेब. तिनं पुन्हा कोपरापर्यंत हात घालून माझा तळ चाचपला. हाताला लागली ती नुसती खरवड. तिनं ती खाल्ली, थोडी जोतीरामाच्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "बाबा, झाला की साखरपुडा." या साखरपुड्याला माणसं पाचच होती, त्यातल्या दोन तर म्हशी.

आज एकोणपन्नास साल उजाडलंय. माझ्या बुडाला तीन ठिगळं आहेत. काल सांगलीहून नवी काहील आली. कोरी, तोऱ्यात आहे पोरगी. जोतीराम म्हणाला, "जुनी भंगारात घालू." शालूबाई कडाडल्या, "आवं, हिनं माझं मोडलेलं लगीन जुळवलं. ही गोठ्यात ऱ्हाईल. बैलं पाणी पितील."

मला चालेल. बैलांवर माझा जीव आहे. फक्त एक मागणं आहे. शालूबाई दर हंगामाला रस ओतण्याआधी माझ्यात हात घालून तळ बघायच्या. आता त्या नवीत हात घालतील, ते बरोबरच आहे. पण वर्षातून एकदा, पाणी भरताना, सवयीनं का होईना, त्यांनी तो माझ्यातही घालावा.