गिऱ्हाईक नसलेला कारागीर

मी एक जुना कारागीर आहे. तसा मी मासा; बोटाएवढा, निळा, अंगावर एक लांब काळा पट्टा. पण आमच्यात आधी काम सांगायची रीत आहे.

मित्रांनो, दक्षिणेकडच्या समुद्रात प्रवाळाच्या एका खडकापाशी माझं दुकान होतं. मोठमोठे मासे तिथे नंबर लावायचे. मी थोडं नाचून दाखवायचो, म्हणजे दुकान उघडलंय हे कळायचं. मग गिऱ्हाईक तोंड वासून स्वस्थ उभं राहायचं आणि मी त्याच्या अंगावरचे, कल्ल्यांतले किडे वेचून खायचो. त्याची खाज जायची, माझं पोट भरायचं. ज्यांच्या एका घासात माझ्यासारखे चार-पाच सहज गेले असते, त्यांच्या जबड्यात मी बिनधास्त फिरायचो. एकानंही कधी तोंड मिटलं नाही.

एका सकाळी पाण्यात माणूस उतरला. मला वाटलं, नवं गिऱ्हाईक! नाचत पुढे गेलो आणि जाळीत सापडलो. भाबडेपणा म्हणा हवं तर. मग पाणी आणि हवा भरलेली पिशवी, थर्माकोलचं खोकं, नागपूर, तिथून बस. वाटेत शेजारच्या पिशव्यांतले बरेच जण उलटे तरंगायला लागले. मी तेवढा धडधाकट दारव्हा गावाला पोचलो.

इथे कपिलचं सलून आहे. दोन खुर्च्या, समोर आरसा, बसायला बाकडं आणि बाकड्याशेजारी आमची टाकी. पाण्यात तो पाकिटातलं समुद्राचं मीठ मोजून घालायचा. बाजाराच्या दिवशी आलेली माणसं "बाप्पा! काय चमकते बे हा!" म्हणायची, लेकरं काचेला नाक लावायची. मला गर्वही झाला होता, नाही कशाला म्हणू?

पण कौतुकानं पोट भरत नाही. टाकीत सोबतीला दोनच नारिंगी मासे. त्यांच्या अंगावर किडे असून असणार किती? तरी मी सवयीनं त्यांना टोचत राहायचो. बिचारे वैतागून कोपऱ्यात दडायचे. कपिलची बायको रंजिता म्हणाली, "हा लय भांडकुदळ हाय. मारून राह्यला त्याइले." झालं! टाकीतच मधे जाळी लावून मला वेगळं काढलं. खायला दाणे टाकले, ते मला खाणं वाटेनात. पोट खपाटीला गेलं.

एक दिवस बंजारा तांड्यावरचे हरिसिंग दाढीला आले. गालाला फेस लावून बसले होते, नजर माझ्यावर.

"काहून वाळून राह्यला रे हा?"

"खातच नाई, काका."

"आमचे आजे-पंजे बैलावर लादून समुद्राचं मीठ आणत. जिता मासा नाई आणला बाप्पा कोणी!"

कपिलनं जाळी सारखी करायला पाण्यात हात घातला. मला राहवलं नाही. त्याच्या नखाभोवतीची मेलेली कातडी मी वेचू लागलो.

"गुदगुल्या करून राह्यला हा!" तो हसला. मग त्यानं मोबाइलवर माझ्यासारख्या माशाचा व्हिडिओ शोधला आणि हरिसिंगांना दिसावा म्हणून टाकीशेजारी धरला.

मित्रांनो, त्यात निळं पाणी होतं. खडक होता. रांग होती. मधोमध माझ्यासारखाच एक जण नाचत होता. मी धावत गेलो आणि काचेवर आपटलो. फार वाईट वाटलं मला.

"काका, हा भांडत नव्हता. हा तर कारागीर हाय!" कपिल म्हणाला. "पाहा ना, नंबर लावून उभे हायेत."

"मंग हा इथं हाय, त तिथं त्यायची दाढी कोण करून राह्यलं?"

कपिलचा वस्तरा हवेतच थांबला.

संध्याकाळी मला विकणाऱ्या नागपूरच्या दुकानदाराचा फोन आला. कपिलनं विचारलं, "याले परत सोडता येते का?"

"कुठल्या दगडापासून धरला, मले काय मालूम? मेला त फोटो पाठव, दुसरा फुकट देतो."

"नका देऊ."

"अबे, फुकट हाय ना!"

"फुकट कसा? तिकडं एक दुकान बंद पडते," कपिल म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

आता जाळी निघाली आहे. रोज सलून उघडण्याआधी कपिल स्वच्छ हात पाण्यात धरून स्वस्थ उभा राहतो. मी नाचतो, नखं साफ करतो. पोट काही भरत नाही. माझे दिवस थोडे उरलेत हे त्यालाही कळलंय, मलाही.

मित्रांनो, मासे जरूर पाळा. टाकीतच जन्मलेले कितीतरी सुंदर मासे मिळतात. पण समुद्रातून धरून आणलेला दिसला, तर तिथे त्याची वाट कोण पाहतंय, एवढं आधी विचारा. माझ्या खडकापाशी आजही कुणीतरी तोंड वासून उभं असेल. दुकान बंद झालंय, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही.