उजव्या कोपऱ्याचा सिद्धान्त

बिबियाने सव्वीस वर्षांची होती आणि तिचा मुलगा त्रेसष्टचा. एनोकची आई वारली त्याच आठवड्यात बिबियाने जन्मली, म्हणून गावाने म्हातारीचं नाव तिला दिलं. नावामागोमाग नाती आली. बिबियाने दोन वर्षांची असताना तिचे आईवडील ग्रीनलंडच्या राजधानीत, नूकला, राहायला गेले, पण दर नाताळला एनोककडून भेट यायची आणि पाकिटावर लिहिलेलं असायचं, 'आईस'. पदवीधर झाल्यावर मात्र या नात्याचं नेमकं काय करायचं, हे तिला कळेनासं झालं होतं. जीवशास्त्राच्या पाच वर्षांत त्यावर एकही धडा नव्हता.

आता ती त्याच्याच बोटीवर होती. फियॉर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खोल खाडीच्या, तळाशी कोणकोणते प्राणी राहतात याची मोजदाद करायला संस्थेने तिला धाडलं होतं. एका लोखंडी चौकटीत कॅमेरा बसवायचा, दोनशे मीटर खोल सोडायचा, अर्धा तास तळावर ठेवायचा, फोटो काढायचे, वर ओढायचा. अशी वीस ठिकाणं. "वीस ठिकाणांची स्वच्छ माहिती आण, मग कायमच्या नोकरीचं बघू," असं तिची वरिष्ठ एल्से म्हणाली होती. बिबियानेची सहा महिन्यांची नेमणूक सप्टेंबरअखेर संपत होती. गुरुवारी परतीचं हेलिकॉप्टर. मोजायचं ते त्याआधी.

"एनोक, तुम्ही केबल सोडता का?" पहिल्या दिवशी तिने विचारलं होतं.

"स्वतःच्या लेकाला अहो-जाहो?" एनोक हातमोजे चढवत म्हणाला. "लोक म्हणतील, म्हातारी परत आली ती मोठी साहेबीण होऊन आली."

घरी त्याची बायको रेगिने त्याहून वरताण. कॉफीचा पहिला कप पुढे ठेवून ती कमरेवर हात देऊन उभी राहिली. "घ्या, सासूबाई. दहा वर्षं माझ्या कॉफीला पाणचट म्हणालात. आता नीट सांगा."

"छान आहे," बिबियाने घाईघाईने म्हणाली.

"ऐकलंस ना, एनोक? एकदा मरून आल्यावर का होईना, म्हणाली!"

कामाची वाटणी आपोआप ठरली. एनोक मागच्या बाजूला चौकट आणि केबल सांभाळी. बिबियाने केबिनमध्ये पडद्यासमोर बसून वेळ, खोली, तापमान लिहून घेई. आपण फार नेटकं काम करतो, असं तिचं स्वतःबद्दलचं मत होतं. तिच्या वहीत पेन्सिलींच्या टोकांच्या जाडीचीसुद्धा नोंद होती.

आणि फोटो तर असे निघाले की तिचा विश्वास बसेना. गाळ बसून पाणी निवळलं की दिसायचे ते प्राणीच प्राणी. कोळंबीच्या नात्यातले नखाएवढे वाकडे जीव, शंख, तारामाशांच्या जातीचे लांब बाहूंचे ठिसूळ तारे. एका फोटोत दोनशे चौदा. तिच्या आधी या किनाऱ्यावर ज्यांनी ज्यांनी मोजलं त्यांना चाळिसाच्या वर कधी सापडले नव्हते. बिबियानेने तीनदा मोजलं. तिन्ही वेळा दोनशे चौदा. साहजिकच तिने असा निष्कर्ष काढला, की आधीच्यांना मोजता येत नव्हतं.

त्याहून मोठी गोष्ट तिसऱ्या दिवशी लक्षात आली. सगळ्या प्राण्यांची तोंडं एकाच बाजूला होती. प्रत्येक फोटोत, उजव्या खालच्या कोपऱ्याकडे. रविवारी सगळं गाव चर्चच्या दाराकडे निघावं तसे ते निघाले होते.

बिबियानेला रात्रभर झोप लागली नाही. प्रवाह! तळाशी संथ, एकसारखा प्रवाह असणार, आणि प्राणी त्याला सामोरे बसत असणार. एक अडचण होती. चौकटीवर होकायंत्र होतं, आणि त्याप्रमाणे चौकट कधी उत्तरेकडे तोंड करून टेकत होती, कधी नैर्ऋत्येकडे, कधी कुठेही. म्हणजे प्राणी दर ठिकाणी वेगवेगळ्या दिशेला बघत होते, फक्त कोपरा तोच. दहावीतल्या मुलालाही इथे शंका आली असती. बिबियाने दहावीच्या फार पुढे गेली होती. तिने भोवऱ्यांचा सिद्धान्त मांडला, दिशांचा गोल तक्ता रंगवला, दोन पानी टिपण लिहिलं आणि एल्सेला पाठवून दिलं. टिपणात 'बहुधा प्रथमच' हे शब्द चार वेळा आले होते.

एल्सेचं उत्तर तासाभरात आलं. 'विलक्षण! सगळ्या विभागाला पाठवलंय. पुढच्या सोमवारी तू सगळ्यांसमोर बोल.'

त्या दुपारी सोळावं ठिकाण झालं. बिबियाने इतकी खुशीत होती, की चौकट वर येत असताना ती आपणहून मदतीला मागे आली. एरवी ती पडद्यासमोरून हलत नसे. बोटीमागे समुद्रपक्ष्यांचा थवा होता. थवा रोजच असायचा. तिने त्यांचीही कधीतरी गणती करायची ठरवलं होतं, ते मागे का येतात हे विचारायचं मात्र सुचलं नव्हतं.

चौकट कठड्यावर आली. एनोकने कमरेचा सुरा काढला, चौकटीच्या एका पायाची दोरी कापली आणि सीलच्या चरबीचा मुठीएवढा, कुरतडलेला तुकडा पक्ष्यांकडे भिरकावला. पाय उजवा. पुढचा. कॅमेऱ्याच्या पडद्यावर तोच उजवा खालचा कोपरा.

"ते काय होतं?" बिबियानेने विचारलं.

"चरबी."

"कशाला?"

आईला वेड लागलं की काय, अशा नजरेने एनोकने तिच्याकडे बघितलं. "रिकामी दोरी कोण पाण्यात सोडतं? तू म्हणालीस, प्राणी बघायचेत. मग त्यांना काहीतरी द्यायला नको?"

"सोळाच्या सोळा वेळा?"

"पहिल्यांदा छोटा तुकडा लावला होता," एनोक जरा शरमून म्हणाला. "दुसऱ्यापासून मोठा. तू इतकी खूश दिसत होतीस."

"मला सांगितलं का नाहीत?"

"तू विचारलंस कुठे? तू आत बसून पेन्सिली मोजत होतीस."

बिबियाने कठड्याला टेकून खाली बसली. भोवरे. सामोरे बसणारे प्राणी. बहुधा प्रथमच. तळाशी दोनशे चौदा जीव जेवायला आले होते, आणि ती वर बसून त्यांच्या पंगतीला विज्ञान म्हणत होती. आता सोमवारी सगळ्या विभागासमोर उभं राहून काय सांगायचं? सीलची चरबी चविष्ट असते, हा शोध लागला म्हणून?

"कुणाला कळणारे?" एनोक हळूच म्हणाला. "मासे काही चहाडी करत नाहीत."

तेच तिच्याही डोक्यात आलं होतं, फक्त जरा शिकलेल्या भाषेत. आमिष लावून मोजण्याची पद्धत शास्त्रात असतेच. टिपणात एक ओळ बदलायची. 'चौकट रिकामी सोडली' ऐवजी 'आमिष लावले'. वीस ठिकाणं पुरी होतील, नोकरी हातात येईल. फक्त ती मोजदाद तळावर कोण राहतं याची नसेल, भूक कुणाला लागते याची असेल. आणि उद्या कुणी त्या आकड्यांवरून या फियॉर्डमध्ये जाळी ओढायची की नाही हे ठरवलं, तर? तुकड्याचं वजन एकदाही घेतलेलं नव्हतं, हेही तिला आठवलं, आणि अशा वेळीही आपल्याला वजन आठवतंय याची तिला लाज वाटली.

ती उठली. आयुष्यात प्रथमच तिने आईचा सूर लावला.

"एनोक! इकडे ये. चरबीचा डबा कुठंय? आण. आणि उद्या पहाटे पाचला निघायचं. दोन दिवस आहेत. एक तुकडासुद्धा पाण्यात गेला तर बघ."

त्रेसष्ट वर्षांचा माणूस मुकाट्याने डबा घेऊन आला. त्याच्या चेहऱ्यावर भीती होती, पण तिच्याखाली कुठेतरी पन्नास वर्षांपूर्वीचा आनंदही होता. "अगदी तशीच ओरडतेस," तो म्हणाला.

संध्याकाळी तिने एल्सेला लिहिलं: 'सोळा ठिकाणं रद्द. चौकटीला सीलची चरबी बांधलेली होती. मी तपासलं नाही. टिपणातलं एकही वाक्य खरं नाही. दोन दिवसांत जेवढी होतील तेवढी पुन्हा करते.' मग 'एकही'च्या आधी तिने 'तापमान सोडून' असं घातलं. नेटकेपणा सुटत नव्हता.

रेगिनेने तिच्यापुढे तळलेल्या हॅलिबटचा तुकडा सरकवला. "खा, सासूबाई. आधी तुम्ही चुकल्यावर आठवडाभर बोलायच्या नाहीत. ही सुधारणा आहे."

दोन दिवसांत अकरा ठिकाणं झाली. दर वेळी बिबियाने स्वतः चौकटीचे चारही पाय पुसून हुंगायची, मगच चौकट पाण्यात. फोटोंत गाळ होता. पुढच्या फोटोत गाळ. तिसऱ्यात एक ठिसूळ तारा आणि एक दगड. दगडाला मऊ प्रवाळाचा एक झुबका चिकटलेला. एका ठिकाणी शून्य. सगळ्यात जास्त, एकतीस. आणि ते एकतीस ज्याला जिकडे वाटेल तिकडे तोंड करून बसले होते.

एनोकला बघवेना. "आई, हे बघ, काहीच आलं नाही. एवढ्या लांबून आलीस."

"शून्य लिही," ती म्हणाली. "मोठं लिही."

बुधवारी रात्री एल्सेचं उत्तर आलं. 'अकरा चालतील, पण नोकरी अकरावर देता येत नाही. नेमणूक जूनअखेरपर्यंत वाढवते, बर्फ वितळला की उरलेली नऊ पुरी कर. सोमवारचं भाषण रद्द नाही. चरबीसकट सांग. दिशांचा गोल तक्ता मला भिंतीवर लावायला हवाय.'

गुरुवारी हेलिकॉप्टरपाशी एनोकने तिच्या हातात वर्तमानपत्रात बांधलेलं जड पुडकं ठेवलं.

"हे काय?"

"मत्ताक. परवाच आणलेलं, ताजं." नार्व्हाल देवमाशाची कातडी, चरबीसकट, कच्चीच खायची. "आईला रिकाम्या हाताने पाठवायचं असतं का?"

"जूनमध्ये येते. पण चौकटीला..."

"नाही बांधणार," एनोक म्हणाला. "विचारल्याशिवाय."

हेलिकॉप्टर वर गेलं. बिबियाने मागच्या रांगेत, उजव्या कोपऱ्यात बसली होती, पुडकं मांडीवर. पाच मिनिटांत समोरच्या आजींनी मान वळवली. मग त्यांच्या शेजारच्या माणसाने. मग हळूहळू सगळ्यांनीच. बिबियानेने सवयीने मोजलं. आठ. तोंडं: उजवा खालचा कोपरा. हेलिकॉप्टर मधल्या मधे दोनदा वळलं, तरी कोपरा तोच.

या वेळी तिने सिद्धान्त मांडला नाही. सुरा मागून घेतला आणि पुडकं सोडलं.