बघावं तिथं वाकतं

बाबांनी आयुष्यभर रेघा ओढल्या. इमारतींचे नकाशे काढणाऱ्या एका कचेरीत ते ड्राफ्ट्समन होते. आधी शाई आणि पट्टी, शेवटची काही वर्षं संगणक. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरातली कपाटं लावली, माळा आवरला, आणि मग स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावायला घेतले, तेव्हा आईने हात जोडले.

"अहो, एखादा छंद लावून घ्या. माझा संसार पट्टीने मोजू नका."

म्हणून लेकीने त्यांना कॅमेरा घेऊन दिला. बाबांनी दोन-चार दिवस फुलं, मांजरं, आईचा वैतागलेला चेहरा असं काहीबाही टिपलं. मग त्यांच्या डोक्यात आलं, की आपण कागदावर काढलेल्या इमारती आज कशा उभ्या आहेत ते बघावं. एक शाळा, पाण्याची टाकी, बंद पडलेलं थिएटर, पोस्टाची इमारत. सकाळी कॅमेरा गळ्यात अडकवून निघायचे, घामाघूम होऊन परत यायचे. पाणीसुद्धा न पिता फोटो फोनवर घ्यायचे आणि फोनमधल्याच ॲपवर उजेड वाढव, कडा काप असं करत बसायचे. सुरुवातीला तेवढ्यावर भागलं.

"या ॲपमध्ये दम नाही," एक दिवस ते लेकीला म्हणाले. "शाळेचे खांब बघ. मध्येच पोट सुटल्यासारखे दिसतात. मी काढले तेव्हा सरळ होते बरं का."

लेक छापखान्यात पुस्तकांची पानं लावायची. कामावर निघण्याच्या घाईत तिने फोटो ओझरता पाहिला. अशा फोटोत कडेचे खांब थोडे वाकतातच, हे तिला माहीत होतं.

"लेन्समुळे होतं ते, बाबा. ते सरळ करणारी सॉफ्टवेअर असतात. तुम्ही आता बालवाडीतून पहिलीत जायला हरकत नाही."

बाबांना हे फारच आवडलं. जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग लेकीच्या लॅपटॉपने व्यापला. आधी एक फुकटचं सॉफ्टवेअर आलं. बाबांनी धडे बघून बघून ते शिकून घेतलं. थर म्हणजे काय, फोटोचा एखादाच भाग उजळ कसा करायचा, हे सगळं ते आईला जेवताना समजावून सांगायचे आणि आई "हं, हं" करत भाजी वाढायची. पण खांब काही सरळ होईनात.

मग कॅमेऱ्याच्या दुकानदाराने दुसरं सुचवलं. त्याचे दर महिन्याला पैसे भरायचे होते.

"सॉफ्टवेअरला भाडं?" आई म्हणाली. "त्यात काय राहायला जायचंय आपल्याला?"

निदान चाचणीपुरतं तरी वापरून बघू, असं ठरलं. लेन्समुळे आलेला वाकडेपणा ते आपोआप काढून टाकायचं. बाबांनी बटण दाबलं, पुन्हा दाबलं, आणि मान हलवली. शेजारी राहणाऱ्या, लग्नांचे फोटो काढणाऱ्या एकाने तिसरंच नाव सांगितलं. त्यात फोटो एखाद्या कापडासारखा हाताने ओढून हवा तसा बसवता यायचा. हे बाबांना पटलं. हाताने करायचं काम त्यांना नेहमीच जास्त भरवशाचं वाटायचं. सलग आठवडाभर त्यांनी शाळेचे खांब ओढून ओढून बसवले आणि तो फोटो कचेरीतल्या जुन्या सोबत्याला पाठवला.

सोबत्याचा फोन आला तेव्हा लेक घरातच होती. पलीकडचं हसणं खोलीभर ऐकू आलं. "अरे, शाळेला उचकी लागली होती की काय? खांब आत काय ओढलेत!"

बाबा हसले नाहीत. फोन ठेवून ते म्हणाले, "त्याचा फोन खराब असणार."

लेकीने फोटो उघडला आणि या खेपेस नीट पाहिला. खांब खरंच मध्ये आत दबले होते. तिने मूळ फोटो शेजारी ठेवला. त्यात खांब सरळ होते. कडेचा किंचित कललेला, पण बाकीचे तर अगदी सुतात.

"बाबा, मूळ फोटो चांगला आहे की. तुम्ही उगाच..."

"चांगला?" बाबा चिडले. "तू छापखान्यात हेच बघतेस का? इकडे ये, बस. हा खांब. इथं सरळ केला की वरती वाकतो. वरचं नीट केलं की परत इथं वाकतो. बघावं तिथं वाकतं. सगळी सॉफ्टवेअर सारखीच भिकार!"

लेक त्यांच्या शेजारी बसली. तिने फोटो बंद केला, एक कोरं पान उघडलं आणि त्यावर वरून खाली एक काळी रेघ ओढली.

"ही कशी आहे?"

बाबांनी मान पुढे केली. "मध्ये लचकलीय."

"बाबा, ही माझ्या हाताने नाही, संगणकाने ओढलेली आहे. ही वाकूच शकत नाही."

"मग पडदा बिघडलाय तुझ्या लॅपटॉपचा."

तिने त्यांना खिडकीशी नेलं. "समोरचा विजेचा खांब?"

"तोही वाकलाय," बाबा सहज बोलून गेले. "पण ते नव्या चष्म्यामुळे. चष्मेवाला म्हणाला, सवय व्हायला वेळ लागेल."

लेकीने तिथूनच डोळ्यांच्या दवाखान्यात फोन लावला. बाबांचा डावा डोळा लहानपणापासून अधू होता. सगळे नकाशे, सगळ्या रेघा त्यांनी एकट्या उजव्या डोळ्यावर ओढल्या होत्या.

डोळ्यांच्या डॉक्टर बाई शांत स्वभावाच्या होत्या. त्यांनी डोळ्यात बाहुली मोठी करणारे थेंब घातले, यंत्राने आतला फोटो काढला आणि तो पडद्यावर लावला. तांबूस गोलाच्या मधोमध एक डाग होता.

"कधीपासून वाकडं दिसतंय?" त्यांनी विचारलं.

बाबांनी प्रामाणिकपणे आठवून बघितलं. "फोनच्या ॲपवर थोडं होतं. फुकटच्यावर वाढलं. भाड्याच्यावर तर फारच."

डॉक्टर बाईंना काही कळेना. त्यांनी लेकीकडे पाहिलं. सोबत आलेल्या आईनेच सांगितलं, "तीन-चार महिने झाले असतील."

डोळ्याच्या आतल्या पडद्यामागे पाणी आणि रक्त झिरपत होतं, असं डॉक्टर बाईंनी समजावलं. डोळ्यात इंजेक्शनं द्यावी लागतील. त्याने झिरपणं बहुतेक थांबेल. जिथं व्रण झालाय तिथली नजर मात्र परत येणार नाही.

"लवकर आलो असतो तर?" लेकीने विचारलं.

"लवकर आलेलं केव्हाही बरं," बाई म्हणाल्या, आणि कागदावर औषधं लिहू लागल्या.

घरी आल्यावर लेकीने लॅपटॉप उघडला. 'चाचणीची मुदत संपत आली आहे, आजच खरेदी करा,' अशी पाटी वर आली. तिने तिन्ही सॉफ्टवेअर एकेक करून काढून टाकली. बाबा समोरच बसले होते, थेंबांमुळे उजेड खुपत होता म्हणून डोळ्यावर हिरवं कापड बांधून.

"ते शेवटचं चांगलं होतं गं," ते म्हणाले. "त्याला उगाच नावं ठेवली."

इंजेक्शनं सुरू झाली. पहिल्यानंतर काही फरक पडला नाही. दुसऱ्यानंतर बाबा म्हणाले, थोडं बरं वाटतंय. आईने शेजारणीलाही तसं सांगितलं. मग एका सकाळी लेक दात घासायला गेली, तर न्हाणीघराचं दार उघडंच होतं. बाबा आत भिंतीसमोर उभे होते, डाव्या डोळ्यावर तळहात दाबून. पांढऱ्या फरशांच्या सांध्यांवरून त्यांचं बोट हळूहळू वर सरकत होतं. रोज एकदा सरळ रेघांकडे बघा, वाकणं वाढलं तर लगेच या, असं डॉक्टर बाईंनी सांगितलं होतं.

"काय म्हणतायत फरशा?" लेकीने आवाज शक्य तितका हलका ठेवला.

"कालच्याइतक्याच वाकल्यात की जास्त, तेच कळत नाही," बाबा म्हणाले. "मोजावं म्हणून पट्टी लावून बघितली. तर पट्टीही वाकते."

ब्रश हातात धरून तिने त्या फरशांकडे पाहिलं; तिला त्या सरळच दिसल्या. त्यांच्या डोळ्याने बघण्याची सोय कुठल्याच दुकानात मिळत नव्हती.

बाबांनी बोट पुन्हा खालच्या फरशीवर आणलं. मग तिला कामाला उशीर होत असेल असं वाटून ते बाजूला सरले आणि भिंतीचा आधार घेत बाहेर आले.