चौदा नंबरची तार

२०१९ साली, कंदिलाच्या सणाच्या आदल्या दिवशी, इंजिनिअर फानने संगणक जोडणाऱ्या स्विचच्या पेटीवरचं हिरवं पाकीट फोडलं आणि उभ्या उभ्या त्यातले कुरकुरे खाल्ले.

मी जागच्या जागी थिजले. यंत्रावर ठेवलेलं पाकीट कोणी खातं? यंत्र बिघडू नये म्हणून आमच्याकडे त्यावर हे कुरकुरे ठेवतात; त्यांच्या नावाचा अर्थच ‘शहाण्यासारखं वाग’. रंग हिरवाच हवा, तारीख उलटता कामा नये, आणि खायचं तर नाहीच.

“भूक लागली होती, हुई-मेईताई,” तो हसला. “मी बसवतोय ते नवे स्विच पाकिटावर नाही चालत.”

तैवानमधल्या ताइचुंगच्या आमच्या छापखान्यात शाळेची पुस्तकं तयार होत. मी संगणकावर पानं लावायचे. सगळ्या संगणकांच्या तारा आमचे जुने तंत्रज्ञ शुई-मूकाका यांनी एकट्याने, त्याआधी अठरा वर्षं, रविवारी येऊन ओढल्या होत्या. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना त्यांच्या अक्षरातली चिठ्ठी. फानला आता त्या ताराही काढायच्या होत्या.

“स्विच बदला, साहेब. बदलायलाच हवेत,” काका धाकट्या मालकांना, योउ-चेंगना, म्हणाले. “पण तारा राहू द्या. याच तारांतून अडीचपट वेग मिळावा म्हणून तर हे स्विच बनवलेत.”

“काका, तारा तुमच्याइतक्याच म्हाताऱ्या झाल्यात,” फान म्हणाला. चारचौघं हसले.

स्विच बसले. वेग तसूभर वाढला नाही. माझं इतिहासाचं पुस्तक उघडायला आधीसारखीच पाच मिनिटं.

“बघा! भिंतीत कचरा भरलाय कचरा,” फान म्हणाला.

काकांचे कान लाल झाले. ते माझ्या टेबलाखाली शिरले, तपासायचं यंत्र लावलं. चौदा नंबरची तार ठणठणीत. मग उठून त्यांनी फानने आणलेली, भिंतीपासून स्विचपर्यंतची हातभर तार उपटली आणि पिशवीतली स्वतःची लावली.

पुस्तक दोन मिनिटांत उघडलं.

“कचरा कुणाचा?” काकांनी ती हातभर तार फानच्या पायाशी फेकली. “अठरा वर्षांत एक तार मेली नाही माझी!”

धाकट्या मालकांनी घड्याळ पाहिलं. “ठीक आहे, काका. पण आता सगळं ठरलंय. तारा निघतील.”

चूक कुणाची ते मालकांना कळलं होतं. तरी! मी ओरडायला हवं होतं. मी संगणकाकडे तोंड करून बसून राहिले. तो राग अजून माझा माझ्यावरच आहे.

आठवडाभर भिंती फोडल्या. तारांचा ढीग अंगणात पडला. काका त्या ढिगाशेजारून सायकल हातात धरून गेले. मान वळवली नाही.

फान नंतर दुसऱ्या कंपनीत मोठा साहेब झाला. योउ-चेंगनी छापखाना विकला. तिथे आता व्यायामशाळा आहे. शुई-मूकाका गेल्या वर्षी गेले. पूर्वजांच्या थडग्यांची साफसफाई करायच्या दिवशी मी त्यांच्या दगडावर हिरवं पाकीट ठेवलं.

त्यांच्या मुलीने ते उचलून मागची तारीख वाचली, आणि परत होतं तिथे नीट ठेवलं.

त्या ढिगातली एक चिठ्ठी मी तेव्हा कापून आणली होती. शिवणाच्या डब्यात आहे. ‘१४. हुई-मेई. खिडकीजवळ.’ शाई अजून काळीभोर आहे.