तिसऱ्या वर्षाचं ताट

रोमुलो बेनितेस कुणाच्याही घरात असा शिरायचा, जणू कालच तिथं चप्पल विसरून गेला होता. रोसारिओत त्याचं सलून होतं. उभं आयुष्य लोकांची डोकी भादरण्यात आणि त्यांच्याशी गप्पा छाटण्यात गेलं. मग गुडघे कुरकुरायला लागले तसं त्यानं दुकान विकून टाकलं आणि बायकोला म्हणाला, "एल्विरा, चल, आता गावं बघू. घाई कुणाला आहे?"

घाई खरोखरच कुणाला नव्हती. मोंतेविदेओत अख्खा उन्हाळा काढला, असुन्सिओनला पाऊस संपेपर्यंत राहिले, साल्तात तर घरमालकीण त्यांना भाचेकंपनीच्या भांडणात न्यायनिवाडा करायला बोलवायला लागली. प्रत्येक शहरात तोच प्रकार. एल्विरा भाजीबाजार शोधायची, रोमुलो कुणाचा तरी उंबरा. साल्तात अनोळखी बाळाच्या बारशाला वाट चुकून शिरला तो धर्मपिता होऊनच बाहेर आला. एल्विरा वरवर चिडायची. "म्हाताऱ्या, लाज कुठल्या बसमध्ये विसरलास?" म्हणायची. पण ती स्वतः भारी बुजरी. परक्या माणसापुढं तिच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. त्याच्या पाठीमागं लपूनच तिनं एवढी गावं पाहिली होती, आणि तो नसेल तर आपण कुठल्याच दारात पाऊल टाकू शकणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

अशी ही जोडी फिरत फिरत सुक्रेला पोचली, ती नेमकी सर्व संतांच्या दिवशी.

आता आमच्या सुक्रेत त्या दिवशी, ज्या घरातलं माणूस गेल्या तीन वर्षांत गेलंय, त्या घराचं दार उघडं असतं. दुपारी बाराला आत्मा जेवायला येतो, दुसऱ्या दिवशी बाराला त्याला दफनभूमीतून निरोप द्यायचा. कुणीही आत जावं, मृताच्या नावानं प्रार्थना म्हणावी, मग भिंतीकडेच्या बाकावर बसून मोंदोंगोचं, म्हणजे डुकराच्या तिखट रश्शाचं, ताट आणि पाव घ्यावा. पण दार उघडं म्हणजे कुठंही बसा, असं नव्हे! टेबलाच्या टोकाची खुर्ची श्वास घेणाऱ्याची नसते, हे शेंबडं पोरसुद्धा जाणतं. रोसारिओच्या न्हाव्याला कोण सांगणार?

दोघं चढावर असतानाच गारा आल्या. डोकं फुटेल अशा. समोर काळं कापड लावलेलं दार उघडं दिसलं आणि रोमुलो बायकोचा हात धरून आत घुसला. घरची माणसं तेवढ्यात अंगणात धावली होती, चुलीवरचं पातेलं गारांतून वाचवायला. खोलीत कुणी नव्हतं. लांब टेबल, काळी चादर, पावाच्या बाहुल्या, आत्म्याला उतरायला पावाची शिडी, मधोमध एका मिशाळ माणसाचा फोटो. टोकाला वाढलेलं ताट, त्यातून वाफ येत होती. खुर्चीच्या पाठीला तपकिरी कोट.

रोमुलो नखशिखांत भिजला होता. त्यानं शर्ट काढून बायकोकडं फेकला, कोट चढवला आणि बसून चमचा उचलला.

"अरे, कुणाला विचार तरी!" एल्विरा कुजबुजली.

"कुणाला विचारू? ताट वाढलंय, कोट कोरडा आहे. आमंत्रण याहून वेगळं काय असतं गं?"

हे त्याचं तिच्याशी धड झालेलं शेवटचं बोलणं. तिला काय कल्पना! ती शर्ट पिळत उभी राहिली.

घरधनीण आत आली तेव्हा तिच्या हातात चिचाचा तांब्या होता. डोन्या कासिल्दा तिचं नाव, फोटोतल्या सेनोबियोची बायको. तिनं खुर्चीकडं पाहिलं आणि तांब्या सुटला. मक्याची दारू फरशीभर झाली. मागून सेनोबियोची बहीण पेत्रोना आली, तिनं छातीवर क्रूसाची खूण केली आणि हळूच म्हणाली, "वहिनी, दादा आला."

एल्विराचा चेहरा लाजेनं लालबुंद झाला. "माफ करा हो, आम्ही परगावचे. रोमुलो, ऊठ आधी!"

रोमुलोनं मान वर केली. तिच्याकडं पाहिलं, आणि नव्या गिऱ्हाइकाशी बोलावं तशा अदबीनं म्हणाला, "बाई, तुम्ही किती भिजलात. कासिचा, यांना टॉवेल दे गं."

कासिल्दाचं नाव त्या खोलीत अजून कुणी उच्चारलंच नव्हतं. आणि कासिचा हे लाडकं नाव तिला नवऱ्याशिवाय कुणी दिलेलं नव्हतं.

एल्विराला आधी वाटलं, थट्टा करतोय. "पुरे झाला चावटपणा," ती म्हणाली. तो हसला, पण हसू त्याचं नव्हतं. रोमुलो हसायचा तेव्हा आधी नाक फेंदारायचा. मग लोक येऊ लागले. एका म्हाताऱ्याची टोपी गारांनी चेपली होती. रोमुलोनं ती मागून घेतली, किटलीच्या वाफेवर धरली आणि अंगठ्यानं कड फिरवत फिरवत अशी सरळ केली की बघणाऱ्यांचे घास हातातच राहिले. सेनोबियो टोप्या करायचा. रोमुलोला टोप्यांचा राग होता. टोपीवाले सलूनचा धंदा बुडवतात म्हणायचा.

एल्विरानं पेत्रोनाचा दंड धरला. "माझ्या माणसाला काय झालंय?"

"काय व्हायचंय! आत्म्याचा कोट अंगावर, आत्म्याचं ताट पोटात. तुम्ही काय आंधळ्या होतात का, बाई?" पेत्रोना करवादली, मग तिचा चेहरा बघून नरमली. "घाबरू नका. आमच्या आजोळी एकदा झालं होतं असं. उद्या बारापर्यंत दादा राहील. दफनभूमीत घंटा सुरू झाली की वहिनी त्याला 'जा' म्हणेल, आणि तुम्ही तुमच्या माणसाचा शर्ट हातात धरून त्याला नावानं हाक मारायची. घंटा थांबायच्या आत दोन्ही व्हायला हवं. जायचा तो जाईल, यायचा तो येईल."

"आणि त्या 'जा' म्हणाल्या नाहीत तर?"

"का नाही म्हणणार? दोन वर्षं म्हणालीच की." पेत्रोनानं कमरेच्या फडक्याला हात पुसले. "यंदा तिसरं आहे, एवढंच."

तिसऱ्या वर्षानंतर ताट मांडत नाहीत. तिसऱ्या वर्षानंतर आत्मा येत नाही.

एल्विराला तेवढ्यावर चैन पडेना. जन्मात पहिल्यांदा ती एकटी, कुणाच्याही पाठीमागं न लपता, परक्या स्वयंपाकघरात गेली. कासिल्दा मक्याचे दाणे निवडत होती.

"बाई, मला एकच माणूस आहे," एल्विरा म्हणाली.

"मलाही एकच होता," कासिल्दा म्हणाली. मग वर पाहून, "मी कुणाचं लुबाडणारी नाही, सेन्योरा. उद्या म्हणेन 'जा'. माझ्या आईची शपथ."

आणि तेव्हा तिच्या मनात तसंच होतं, यात शंका नको. कासिल्दाला सगळी गल्ली ओळखते. सापडलेलं बटणसुद्धा परत करणारी बाई.

त्या संध्याकाळी एल्विरा बाकावर बसून बघत राहिली. तिचा नवरा दुसऱ्या बाईला पेला भरून देत होता. ती त्याची कॉलर सारखी करत होती. दोघं इथल्या क्वेचुआ बोलीत काहीतरी बोलत होती. एल्विराला मत्सर वाटला. हो, मत्सरच, भीतीपेक्षाही जास्त. कारण तो माणूस त्या बाईचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेत होता, आणि रोमुलोनं तिचं एकही वाक्य कधी पुरं होऊ दिलं नव्हतं. तरी तिला तोच हवा होता. मध्येच तोडणारा, घोरणारा, तिचा.

दुसऱ्या दिवशी ऊन लख्ख पडलं होतं. दफनभूमीत मुंगीला वाट नव्हती. पांढऱ्या भिंती, फुलं, गिटार वाजवणारे, पाव वाटणारे. भिंतीतल्या सेनोबियोच्या थडग्यापाशी चौघं उभी राहिली. तपकिरी कोटातला माणूस भिंतीवरचं आपलं नाव वाचत होता. त्याला त्याचं काही विशेष वाटलेलं दिसलं नाही.

घंटा सुरू झाली.

एल्विरानं शर्ट छातीशी धरला आणि ओरडली. "रोमुलो! रोमुलो बेनितेस! ये, घरी जाऊ!" भोवतालच्या माणसांनी वळून पाहिलं. ती लाजली नाही. "रोमुलो! अरे, ये ना!"

त्याचे खांदे हलले. तो वळला. नाक फेंदारलं. "एल्विरा?" तो म्हणाला, त्याच्या स्वतःच्या घोगऱ्या आवाजात. "हे कुणाचं घातलंय मी? आणि तू एवढी बोंबलतेस का..." त्याचा हात कोटाच्या बटणावर गेला. पहिलं बटण निघालं.

तिच्या जिवात जीव आला. आता फक्त एक शब्द. तिनं कासिल्दाकडं पाहिलं.

कासिल्दानं तोंड उघडलं होतं. शब्द येत नव्हता. घंटा चालूच होती.

"वहिनी, म्हण," पेत्रोना म्हणाली. "वहिनी! म्हण ना गं!"

"थांब," कासिल्दा म्हणाली.

मोठ्यानं नाही. दारातून निघालेल्या माणसाला, बाहेर गारठा आहे, थोडं थांब, म्हणावं तितक्याच मायेनं. घंटा थांबली.

त्याचा हात बटणावर तसाच राहिला. मग त्यानं ते बटण पुन्हा लावलं.

एल्विरानं हंबरडा फोडला. त्याच्या छातीवर गुद्दे मारले, त्याला हलवलं, त्याच्या नावानं टाहो फोडला. कुणीही मध्ये पडलं नाही. त्या दिवशी त्या जागी रडणारी बाई कुणाला नवीन? एक म्हातारी तर येऊन तिच्या हातात पाव ठेवून गेली. तपकिरी कोटातल्या माणसानं तिला धरून कट्ट्यावर बसवलं, पाणी आणून दिलं आणि मागं वळून हळूच विचारलं, "बिचारीचं कोण गेलंय गं?"

पेत्रोनानं भावजयीकडं बघितलंसुद्धा नाही. टोपली उचलून ती चालती झाली.

कासिल्दा एल्विराशेजारी येऊन बसली. तिचेही डोळे वाहत होते. "'जा'च म्हणायचं होतं हो. जिभेवर आलं होतं," ती म्हणाली. एल्विराला वाटलं, हिचे डोळे ओरबाडावेत. पण हातांत शर्ट होता आणि म्हातारीनं दिलेला पाव. थोड्या वेळानं कासिल्दानं नाक पुसलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, "पुढच्या वर्षी मी तुमच्या माणसाच्या नावानं ताट मांडीन. तीन वर्षं, एकही न चुकवता. ते इथूनच गेलेत, इथंच येतील. तुम्हीही या, सेन्योरा. घर तुमचंच." तिनं जवळ सरकून विचारलं, "काय आवडायचं त्यांना?"

'आवडायचं'. आणि तो समोर उभा होता, त्याच कुरकुरत्या गुडघ्यांवर भार देऊन, उन्हात डोळे बारीक करून.

एल्विराच्या मनात आलं, सांगूच नये. मग आलं, सांगितलं नाही तर तो एवढ्या लांबून येईल, ताटाकडं बघेल आणि उपाशी परत जाईल. तो सांगणार तरी कुणाला? आणि त्याचं ऐकणार कोण?

"मासा," ती म्हणाली. "नदीतला. भाजलेला." तिनं शर्टाची घडी घातली. "आणि मीठ बेताचं घाला. डॉक्टरांनी सांगितलंय."