झेंडूच्या माळेमागची चिठ्ठी

मुलांनो, क्षणभर अशी कल्पना करा. एका किल्लीला तुमच्या आईचं नाव लावलेलं आहे. ती किल्ली जो तो वापरतो. एक दिवस चोरी होते आणि सगळे आईकडे बोट दाखवतात, की किल्ली हिच्या नावाची म्हणजे चोरही हीच. राग आला ना? येऊ द्या. तो राग जपून ठेवा आणि आता स्वप्नालीची गोष्ट ऐका.

स्वप्नाली सहावीत आहे, चिखलोलीला राहते. तिची आई यशोधरा अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत श्यामकांत शेठच्या कारखान्याचं ऑफिस सांभाळते. प्लास्टिकच्या वस्तू ज्या लोखंडी साच्यांतून निघतात, ते साचे तिथे घडतात. गिऱ्हाइकं आपल्या नव्या मालाची ड्रॉइंग मेलवर पाठवतात. ती बाहेर फुटू द्यायची नाहीत, हा त्या धंद्यातला पहिला नियम.

मेलचं खातं यशोधराने उघडलं, म्हणून ते तिच्या नावाचं. वापरायचे मात्र पाच जण. "प्रत्येकाला वेगळं खातं द्या," असं ती शेठना दोनदा म्हणाली होती.

"पाच माणसांना पाच खाती कशाला? आपण काय बँक आहोत?" शेठ हसले होते. मशीनवरच्या अक्षयला पासवर्ड लक्षात राहायचा नाही. त्याने तो खात्याच्या नावासकट चिठ्ठीवर लिहून कॉम्प्युटरच्या पडद्याखाली चिकटवून टाकला.

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी पुण्याच्या गिऱ्हाइकाचा फोन आला. त्यांचा नवा पंप अजून बाजारात आला नव्हता आणि त्याची ड्रॉइंग दुसऱ्याच कंपनीच्या हातात पोचली होती. शेठनी मेलच्या नोंदी पाहिल्या. दसऱ्याच्या संध्याकाळी कोणीतरी बाहेरगावाहून ते खातं उघडून सगळी ड्रॉइंग उतरवून घेतली होती.

"दसऱ्याला गावाबाहेर कोण होतं?" शेठनी सगळ्यांदेखत विचारलं.

यशोधरा होती. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला ती दरवर्षी नागपूरला दीक्षाभूमीवर जाते.

"खातं तुझं, बाहेर तू. आणखी काय पाहिजे? सोमवारपर्यंत खरं सांग, नाहीतर पोलिसात तुझंच नाव देतो."

"शेठ, सात वर्षं मी इथे..."

"म्हणून तर सोमवारपर्यंत थांबतोय."

त्या खोलीत पासवर्ड माहीत असलेली पाच माणसं उभी होती. आरोपी मात्र एकच होती, आणि बाकीच्यांपैकी एकानेही तोंड उघडलं नाही.

शनिवारी सकाळची शाळा सुटून स्वप्नाली घरी आली, तेव्हा आई कामावर न जाता घरीच पोळ्या लाटत होती. लाटणं इतकं जोरात फिरत होतं की पोळी पोळपाटाला चिकटत होती. काय झालं ते आजोबा धोंडिबांनी तिला सांगितलं. स्वप्नालीने आईचा फोन घेतला आणि कारखान्याचं सोशल मीडियावरचं पान उघडलं. दसऱ्याला यंत्रांना हळदकुंकू वाहतात हे तिला माहीत होतं. यंदा शेठनी कॉम्प्युटरलाही झेंडूची माळ घातली होती आणि तो फोटो कौतुकाने पानावर टाकला होता. तिने दोन बोटांनी तो मोठा केला.

"आई, इथे तुझं नाव का लिहिलंय?"

माळेच्या दोन फुलांमधून चिठ्ठी दिसत होती. खात्याचं नाव आणि खाली पासवर्ड, एकेक अक्षर स्वच्छ. फोटो टाकल्याची वेळ होती दसऱ्याच्या सकाळी अकराची.

यशोधराने लाटणं ओट्यावर आपटलं.

"गॅस बंद कर," धोंडिबा उठत म्हणाले. "रिक्षा बघतो."

कारखान्यात पोचल्यावर धोंडिबा सरळ ऑफिसात शिरले. शेठच्या कपाळाला आठ्या पडल्या. "बाबा, हा ऑफिसचा मामला आहे. कॉम्प्युटरमधलं तुम्हाला काय कळतं?"

"कॉम्प्युटरमधलं नाही कळत. गेटवरचं कळतं. तीस वर्षं मी कंपनीच्या गेटवर होतो. एका पासवर दोन माणसं कधी आत सोडली नाहीत. पास विसरला तर साहेबही बाहेर. काही बिघडलं तर आत कोण होतं ते कळायला नको? तुमच्याकडे पाच जण माझ्या सुनेच्या पासवर आत जात होते. आणि तो पास तुम्ही फुलं वाहून चौकात टांगलात."

स्वप्नालीने फोन पुढे केला. शेठनी फोटो पाहिला. मग चष्मा लावून पुन्हा पाहिला.

"कोणी टाकला हा?" धोंडिबांनी विचारलं.

"मीच," शेठ हळूच म्हणाले.

"चिठ्ठी माझी, शेठ," दारात उभा असलेला अक्षय बोलला. "त्या दिवशीच बोलायला पाहिजे होतं. फाटली आपली."

आता यशोधरा बोलली. तिचा आवाज चढला नव्हता. "कॉम्प्युटरला हार घालायला तुम्हाला वेळ होता, शेठ. कुलूप घालायला नव्हता. आणि माझं नाव घ्यायला तर विचारही करावा लागला नाही."

शेठनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग त्यांनी पाचही जणांना आत बोलावलं, सगळ्यांसमोर यशोधराची माफी मागितली, आणि तिथूनच पुण्याला फोन लावून सांगितलं, "चूक माझी आहे. माझ्या माणसांची नाही."

"सोमवारी पोलिसात जाऊच," यशोधरा म्हणाली, "पण खरं सांगायला. आधी तो फोटो काढा. अजून तिथेच आहे."

शेठनी घाईघाईने फोटो काढला. यशोधराने चिठ्ठी ओरबाडून काढली. प्रत्येकाचं वेगळं खातं, उघडताना ज्याच्या त्याच्या फोनवर येणारा आकडा, नोकरी सोडणाऱ्याचं खातं त्याच दिवशी बंद, आणि माल न्यायला येणाऱ्या टेम्पोवाल्यांना ऑफिसचं वायफाय नाही. तिने सांगितलं आणि शेठनी एकदाही बँकेचं नाव काढलं नाही.

मुलांनो, तुम्ही उद्या दुकानं चालवाल, कारखाने काढाल. तेव्हा एवढं करा. ज्याची किल्ली त्याच्याच हातात द्या. आणि चोरी झाली तर आधी कुलूप तपासा. समोर सापडेल त्या माणसाच्या माथी दोष मारणं हा तपास नव्हे, तो दुसरा गुन्हा आहे.

यशोधरा नवा पासवर्ड टाकायला खुर्चीवर बसली. सवयीने सगळे तिच्या खांद्यावरून वाकून बघू लागले. शेठसुद्धा.

स्वप्नालीने काय केलं? ती वळली, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि आई "झालं" म्हणेपर्यंत कॅलेंडर वाचत राहिली.